तोगावाचा होकार

तोगावा, ३ ऑक्टोबर १९९९

शुनपेई भाऊजींस,

आधी रागावून घेते, मग उत्तर देते. तुमचं पत्र छापील आलं. खाली तुमचं नावसुद्धा यंत्रानेच काढलेलं. पाकीट फोडलं तेव्हा मला वाटलं, पाणीपट्टी वाढली. तुम्ही मोठ्या खात्यात गेलात, आसागिरी इलेक्ट्रिकचं पुढचं धोरण आता तुमच्या टेबलावर ठरतं, हे ऐकून आनंद झाला. पण वहिनीला लिहिताना हाताने लिहावं. तुम्ही शाळेत होतात तेव्हा तुमची अक्षरं किती वाकडी होती ते मी पाहिलेलं आहे. माझ्यापुढे लाजायचं कारण नाही.

देवघरातल्या ह्यांच्या नावाच्या पाटीपुढे सकाळी चहा ठेवते, तेव्हा तुमचं पत्र वाचून दाखवलं. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, तरी कारखान्याची बातमी आली की आधी ह्यांना सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आता कामाचं. तुम्ही लिहिता की कंपनी यापुढे तीन खांबांवर उभी राहणार : संगणक, संगणकांना जोडणारं जाळं आणि डिजिटल माध्यमं. आम्ही इथे टेप रेकॉर्डर बनवतो. मी ह्यांच्या पश्चात तपासणीच्या टेबलावर बसते, दिवसभर बटणं दाबून पाहते. या तीन खांबांमध्ये आमचं छप्पर कुठे बसतं, ते मला कळलं नाही. वाचनालयाच्या गाडीतून संगणकावरची दोन पुस्तकं आणली आहेत. एकात नुसती चित्रं आहेत, दुसऱ्यात एकही नाही. दोन्ही वाचते आहे.

तुम्ही मला घरोघर जायला सांगता. फेब्रुवारीच्या सभेआधी एकेकाचं मन बघून ठेवावं, म्हणजे सभेत कुणाला धक्का बसणार नाही. रीत मला ठाऊक आहे. जुनं झाड हलवायचं तर माळी वर्षभर आधी मुळांभोवती खणतो. आपल्याकडे कुठली सभा त्याशिवाय झाली? मी जाईन. पण एक सांगा. तुम्ही पत्रात लिहिलेली ती गाण्यांची नवी पेटी तोगावातच बनणार आहे ना?

उत्तर पत्रानेच द्या. फोनवर माणूस "हो, हो" म्हणून सुटतो.

तुमची वहिनी,
फुमिए

*

टोकियो, १७ ऑक्टोबर १९९९

ती. वहिनींना,

हे घ्या, हाताने लिहितो आहे. तुमची जाऊ सुमिरे मागून बघून हसते आहे. म्हणते, वहिनींशिवाय तुम्हाला कुणी वळण लावू शकत नाही.

पेटीबद्दल समजावतो. टीव्हीशेजारी राहील एवढी. तिच्यात घरातली सगळी गाणी, फोटो, पुढेमागे सिनेमेसुद्धा. टेलिफोनच्या तारेतून नवं गाणं येईल आणि पेटीत जाऊन बसेल. स्वयंपाकघरात ऐका, झोपायच्या खोलीत ऐका. संगणक आहे, पण संगणकासारखा दिसणार नाही, म्हणजे तुमच्यासारखी माणसं घाबरणार नाहीत. आमच्या खात्यात यावर रोज भांडणं होतात. कुणी म्हणतं, पेटी हवीच कशाला, सगळं तारेतच राहील. कुणी म्हणतं, आपण फक्त पेटी बनवावी, गाण्यांच्या भानगडीत पडू नये. मी म्हणतो, दोन्ही धरल्याशिवाय आपण उरत नाही.

वहिनी, टेप संपते आहे. मला वाईट वाटतं म्हणून ती थांबणार नाही. मात्सुमोतो शहरातल्या मोठ्या दुकानात जाऊन बघा, रेकॉर्डर कुठल्या फळीवर सरकवले आहेत ते.

पेटी तोगावाला मिळावी म्हणून मी जिवाचं रान करतो आहे. तुमच्याकडचे हात सवयीचे आहेत, माणसं टिकून राहिलेली आहेत. पण मुख्य कार्यालयाला भीती वाटते की जुन्या कारखान्यातली माणसं नवं काही म्हटलं की पाय रोवून बसतात. म्हणून दोनच प्रश्न विचारा. नवं काम शिकायची तयारी आहे का? आणि कंपनीने बोलावलं तर दुसरीकडे जायची तयारी आहे का? दुसरा प्रश्न नुसता रिवाज आहे, सगळ्या कारखान्यांत विचारतात.

तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाचं कोण ऐकणार? दादाची माणसं आहेत ती.

तुमचा,
शुनपेई

*

तोगावा, २१ नोव्हेंबर १९९९

शुनपेई भाऊजींस,

काम झालं. सगळं सांगते.

मात्सुमोतोला जाऊन आले. रेकॉर्डर सगळ्यात खालच्या फळीवर आहेत, म्हाताऱ्यांच्या काठ्यांच्या बाजूला. तुमचं म्हणणं पटलं.

मग घरोघर फिरले. पण खरं काम झालं ते भाजी धुवायच्या जागी. लोणच्याची पालेभाजी आली की आम्ही सगळ्या गरम झऱ्याच्या हौदावर जमतो, ते तुम्हाला आठवत असेल. हात ऊन पाण्यात आणि पाठ बर्फात, तेव्हा बाया खरं बोलतात. तिथे मी विषय काढला.

मियाशिता किनुयो म्हणाली, "अगं फुमिए, माझ्या नवऱ्याला भाताच्या कुकरचं घड्याळ लावता येत नाही, आणि तुझा दीर त्याच्या घरात संगणक घुसवतोय?"

मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला विकायची नाही, तू बनवायची आहेस."

"मग चालेल. मी स्वतःच्या हाताने बनवलेलं काही विकत घेतलेलं नाही आजवर."

सगळ्या हसल्या. शिकायला सगळ्या तयार आहेत. खोटं नाही सांगत, खूश आहेत. दोन वर्षं नवं मॉडेल आलं नाही म्हणून मनातून घाबरलेल्या होत्या. नवी पेटी येणार म्हटल्यावर हौदावर माहेरपणाला आल्यासारख्या बोलायला लागल्या.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र हात थांबले. किनुयोने विचारलं, "जायचं म्हणजे कुठे?" तिची सासू अंथरुणाला खिळलेली आहे, तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, "कुठे नाही गं. विचारायची रीत असते." ती म्हणाली, "तू सांगतेस ना? मग हो धर."

साच्यांच्या खात्यातल्या हारा आजोबांकडे गेले. ते दारातच म्हणाले, "यासुजींची बायको विचारायला आली म्हणजे यासुजीच आले. आत या, चहा घ्या, आणि माझा होकार घेऊन जा." प्रश्न ऐकूनसुद्धा घेतले नाहीत. मीही ह्यांचं नाव घेतलं, काही घरी. हे असते तर ह्यांनीही हेच सांगितलं असतं, असं म्हटलं. म्हणायला नको होतं की काय, असं परत येताना वाटलं. मग वाटलं, चांगल्या कामासाठीच तर आहे.

एकही नकार नाही. तुमच्या साहेबांना सांगा.

मी विचारलेल्याचं उत्तर मात्र तुमच्या पत्रात सापडलं नाही. जिवाचं रान करता ते वाचलं. पेटी इथे येणार की नाही, ते वाचायला मिळालं नाही. येणारच असेल म्हणून लिहायचं राहिलं, असं मी धरलं आहे.

तुमची वहिनी,
फुमिए

*

टोकियो, ८ डिसेंबर १९९९

ती. वहिनींना,

आपलं पत्र पोचलं. आपण घेतलेल्या कष्टांबद्दल मनापासून आभारी आहे. विभागप्रमुख हिगाशियामा साहेबांनी विशेष कौतुक केलं. इतक्या थोड्या वेळात आणि इतक्या नीटपणे कुठल्याच कारखान्यातून होकार आला नव्हता, असं ते सर्वांसमोर म्हणाले.

वर्षअखेरीची छोटी भेट वेगळ्या टपालाने पाठवली आहे. स्वीकार व्हावा.

सुमिरेचं आणि माझं बोलणं झालं. मागची खोली रिकामीच असते. आपण थंडी इथे काढावी. थंडीच कशाला, कायमच्या आलात तरी आम्हाला आनंद आहे. एवढ्या मोठ्या घरात एकटीने बर्फ उपसत बसण्याचं आता वय नाही. दादाच्या नावाची पाटीही आपण सोबत आणू.

तब्येत सांभाळावी.

शुनपेई

*

तोगावा, १९ डिसेंबर १९९९

शुनपेई भाऊजी,

तुम्ही मला "आपण" कधीपासून म्हणायला लागलात?

भेट मिळाली. अख्खं हॅम आहे, चार घरांना पुरेल एवढं. दरवर्षी तुम्ही समुद्रशेवाळाचा एक डबा पाठवता. मी हॅम उघडलेलं नाही.

इथे काय चाललं आहे ते सांगते. मागच्या आठवड्यात टोकियोहून तीन माणसं आली. चकचकीत बूट, तेही बर्फात. त्यांनी यंत्रांची मापं घेतली. मला वाटलं, नवी यंत्रं येणार म्हणून जागा बघतात. पण जागा बघायला आलेला माणूस जमीन मोजतो. हे दारं मोजत होते. यंत्र दारातून बाहेर निघेल का, ते बघत होते.

हारा आजोबा म्हणतात, नव्या साच्यांसाठी लोखंडाची मागणी दरवर्षी याच महिन्यात जाते, यंदा गेलेली नाही. मी म्हटलं, पेटीला वेगळे साचे लागत असतील. ते म्हणाले, "वेगळे म्हणजे बिनलोखंडाचे का?"

आणि काल आमचे व्यवस्थापक कारासावा मला बोळात भेटले. मी वाकले, तर ते माझ्याहून खाली वाकले आणि तसेच राहिले. कारखान्याचा व्यवस्थापक तपासणीच्या बाईपुढे एवढा वाकत नाही, भाऊजी. ह्यांच्या अंत्यविधीला आले होते तेव्हा वाकले होते तेवढे.

किनुयो रोज जेवणाच्या सुट्टीत विचारते, "दिराचं पत्र आलं का? शिकायला कधी सुरुवात?" ती पोरीच्या जुन्या वहीत इंग्रजी अक्षरं गिरवते आहे. पेटीवर इंग्रजी असेल म्हणून. तिच्याकडे बघवत नाही.

मला लांबलचक उत्तर नको. पेटी तोगावात बनणार का? हो लिहा किंवा नाही लिहा.

फुमिए

*

[नववर्षाचं कार्ड. एका बाजूला लाल शाईत ड्रॅगन.]

नूतन वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा. सरत्या वर्षी केलेल्या कृपेबद्दल ऋणी आहोत. याही वर्षी लोभ असावा.

१ जानेवारी २०००
मोमोसे शुनपेई, सुमिरे

*

तोगावा, ९ जानेवारी २०००

शुनपेई भाऊजी,

कार्ड मिळालं. ड्रॅगन छान आहे. उत्तर कुठल्या बाजूला आहे ते शोधत होते.

न लिहिलेलं वाचायला मला आता येतं. हे आजारी होते तेव्हा डॉक्टरही असेच हवापाण्याचं बोलायचे. मी तेव्हा स्वतःला सांगत राहिले की वाईट असतं तर कुणीतरी बोललं असतं. दुसऱ्यांदा ती चूक करणार नाही.

म्हणून तुम्हाला आधी कळवते. मी पुन्हा घरोघर जाणार आहे. सांगणार आहे की मी जे म्हटलं ते मला ठाऊक नसताना म्हटलं, तुमचा होकार तुम्ही परत घ्या. तुमच्या पाठीमागे करणार नाही. आपल्या घरात तशी पद्धत नाही. पुढच्या रविवारपर्यंत वाट बघते.

फुमिए

*

टोकियो, १२ जानेवारी २०००

वहिनी,

नाही.

पेटी मलेशियात बनणार. तोगावाचा कारखाना सप्टेंबरमध्ये बंद होणार. दहा फेब्रुवारीच्या सभेत तेच जाहीर करायचं आहे.

ऑक्टोबरमध्ये मी तुम्हाला लिहिलं तेव्हा खोटं लिहिलं नव्हतं. तेव्हा पेटीसाठी खरंच दोन जागांची नावं होती, आणि तोगावासाठी मीच बोलत होतो. तुमचं हौदावरचं पत्र घेऊन मी साहेबांकडे धावत गेलो. म्हटलं, बघा, एकही नकार नाही, शिकायला सगळे तयार आहेत. साहेबांनी पहिला प्रश्न सोडला आणि दुसरा उचलला. "जायला तयार आहेत? उत्तम. मग बंद करायला तोगावाच सगळ्यात सोपं." माझ्यासमोर बोलले, वहिनी. हसत बोलले. मी मान डोलावली. खोलीत आठजण होते आणि सगळे डोलवत होते.

त्यानंतर तुम्हाला काय लिहू, ते कळेना. म्हणून हॅम पाठवलं.

आता हात जोडतो, घरोघर जाऊ नका. ज्यांचा होकार आहे त्यांना नागोयाजवळच्या कारखान्यात जागा द्यायचं ठरलं आहे. विरोध झाला तर तेवढंही मागे घेतील. सभेआधी बातमी फुटली तर ती माझ्याकडून फुटली हे सगळ्यांना कळेल. माझं जे व्हायचं ते होऊ दे. पण नागोया हातचं घालवू नका.

आणि एक बोलतो, राग मानू नका. दादाचं नाव घरोघर मी नेलं नव्हतं. ते तुम्ही नेलंत. आता परत फिरलात तर लोक काय म्हणतील? यासुजींच्या बायकोने आधी एक सांगितलं, मग दुसरं.

धोरण चुकीचं नाही. टेप संपतेच आहे. हे मी अजूनही म्हणतो.

शुनपेई

*

तोगावा, १३ फेब्रुवारी २०००

शुनपेई भाऊजींस,

तुमच्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण उत्तर चालत देत होते.

तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. ह्यांचं नाव मी नेलं. म्हणूनच परत मलाच जावं लागलं. तुमची लाज वाटली, तुमची काळजीही वाटली. तुम्ही मान डोलावलीत ते वाचून रडू आलं, कारण त्या खोलीत मी असते तर मीही डोलावली असती.

तुमचं नाव घेतलं नाही. मलेशियाही बोलले नाही. एवढंच म्हटलं की मी ठाऊक नसताना सांगितलं, ते चुकलं. दुसरा प्रश्न रिवाजाचा नव्हता. नागोयाला जागा आहेत असं ऐकलं आहे. ज्याला जायचं त्याने सुखाने जावं, पण माझ्या शब्दावर कुणी जाऊ नये. पुढचं लोक समजले. फार समजावायला लागलं नाही.

कुणी चहा दिला, कुणी दिला नाही. हारा आजोबांनी या खेपेला सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "यासुजी असता तर आधीच विचारून आला असता." मी म्हटलं, "हो."

किनुयोने दार अर्धंच उघडलं. आतून सासू ओरडत होती, कोण आलंय म्हणून. किनुयो तिला म्हणाली, "कुणी नाही." आणि दार लावलं.

आता सभा. तुम्हाला त्यांनी आणलं नाही. हिगाशियामा साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. तीन खांब, त्यावर निळं छप्पर. चांगलं समजावलं. मला बरंचसं कळलं, पुस्तकं वाचली होती म्हणून. आणि मग त्यांनी कारखाना बंद होणार ते सांगितलं, तेवढ्याच गोड आवाजात. शेवटी म्हणाले, "आपल्या सर्वांशी आधीच वैयक्तिक बोलणं झालेलं आहे आणि आपण सर्वांनी मोठ्या मनाने होकार दिलेला आहे. तरी रीत म्हणून विचारतो, कुणाला काही बोलायचं आहे?"

या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे आपल्याकडे लहान मुलालाही कळतं. मी इतकी वर्षं कुठल्याही सभेत तोंड उघडलेलं नाही. तरी उभी राहिले.

म्हटलं, "घरोघर मी गेले होते. मी चुकीचं सांगून होकार घेतला. तो मी परत देते."

साहेब म्हणाले, "म्हणजे आपला विरोध आहे?"

"विरोध नाही, साहेब. आम्हाला अजून कुणी विचारलेलंच नाही."

मला वाटलं, झालं, एकटीच उभी राहिले. कारासावा साहेब जमिनीकडे बघत होते. मग मागून खुर्ची सरकली. किनुयो होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. साहेबांना म्हणाली, "माझी सासू उठू शकत नाही. तिला नागोयाला कशात घालून नेऊ? हे मला कुणी विचारलं होतं?" मग हारा आजोबा उठले, "माझाही होकार मी चहाबरोबर दिला होता, तो परत घेतो." कुणीतरी हसलं. आणि मग एकेक करत सगळे उठले. बोलले थोडेच. नुसते उभे राहिले.

साहेब पाणी प्यायले. म्हणाले, सभा तहकूब. पाच मार्चला पुन्हा.

कारखाना वाचेल असं मला वाटत नाही. तसं मी कुणाला सांगितलेलंही नाही. पण माणसं विचारायला लागली आहेत. जुन्या रेकॉर्डरांची दुरुस्ती इथे ठेवता येईल का? ज्यांना हलता येत नाही, त्यांचं काय? नागोयाची जागा किती वर्षांची? भिंतीवर कागद लावला आहे, त्यावर प्रश्न लिहितात. किनुयोने तीन लिहिले. माझ्याशी बोलत नाही.

आणि मला भीती वाटते, भाऊजी. तुम्ही म्हणालात तसं नागोयाही गेलं तर? माझ्यामुळे गेलं असं होईल. रोज सकाळी ह्यांच्यापुढे बसून तेच विचारते.

तुमचं काय झालं, ते कळवा.

फुमिए

*

टोकियो, २४ फेब्रुवारी २०००

ती. वहिनी,

मला खात्यातून काढलं आहे. नोकरीतून नाही, अजून तरी. साहेबांनी बोलावून विचारलं, "मोमोसे नावाची ती बाई तुमची कोण?" मी म्हटलं, माझी वहिनी.

मग मी म्हटलं, पाच तारखेला मला पाठवा. ते म्हणाले, "तुमच्या घरचं प्रकरण आहे ना? मग तुम्हीच निस्तरा. पण कंपनीच्या वतीने काही कबूल करायचा अधिकार तुम्हाला नाही."

तेव्हा मी येतो आहे. रिकाम्या हाताने. नागोया अजून मागे घेतलेलं नाही, एवढं मात्र विचारून घेतलं आहे. तेही पुढे टिकेल की नाही, सांगता येत नाही. दुरुस्तीचं खातं राहील का, ते मला ठाऊक नाही. ठाऊक नाही असंच सांगेन. लोकांचे प्रश्न लिहून परत आणेन आणि उत्तरं मिळेपर्यंत साहेबांच्या दारात बसेन. नोव्हेंबरमध्ये काय झालं हे कुणी विचारलं तर तेही सांगेन. मान डोलावली ते धरून.

आधी कुणाशी बोलून ठेवू नका, वहिनी. माझी बाजू कुणाला समजावू नका. स्टेशनवरही येऊ नका. फाटकातून मी एकटा चालत येईन.

शुनपेई

*

तोगावा, २७ फेब्रुवारी २०००

शुनपेई भाऊजींस,

या. कुणाशी बोललेले नाही, बोलणारही नाही. तुम्ही येताय हे भिंतीवरच्या कागदाखाली लिहिलं, तेव्हा हारा आजोबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

रस्त्यावर बर्फ आहे. ते चकचकीत बूट घालू नका.

सभेच्या दिवशी तुमच्या नावाचा भात टाकते. सभेनंतर तो तुमच्या घशाखाली उतरेल की नाही, आणि माझ्या उतरेल की नाही, ते मला आज सांगता येत नाही.

तुमची वहिनी,
फुमिए